उत्तरांचा तांब्याभर पाऊस

नगर जिल्ह्यात हौसेनं फिरायला कुणी जात नाही. लोक महाबळेश्वरला जातात, गोव्याला जातात, फार तर नाशिकला जाऊन गोदावरीत बुडी मारून येतात. मीही गेलो नसतो. पाठवलं म्हणून गेलो, तेही कुरकुरत. पण परत आल्यापासून घरात, कचेरीत, मंडईत, जिथं तिथं मी त्या सहा दिवसांबद्दलच बोलतो आहे. शेवटी बायको म्हणाली, "एकदाचं लिहून काढा आणि आम्हाला मोकळं करा." तेव्हा हे लिखाण तिच्या सुटकेसाठी आहे. ज्यांनी तो मुलूख पाहिलेला नाही त्यांच्या उपयोगी पडलं तर चांगलंच.

माझा धंदा आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मी पुण्याला हवामानाच्या कचेरीत आकडेमोड करतो. गावोगावी पाऊस मोजायची यंत्रं ठेवलेली आहेत, तिथून दर महिन्याला तक्ते येतात. मी ते आकडे तपासतो, त्या भागाच्या त्या महिन्याच्या नेहमीच्या सरासरीशी ताडून बघतो आणि हिंदुस्थानच्या मोठ्या नकाशावर ठिपका देतो. सरासरीहून जास्त तर हिरवा, कमी तर तांबडा. त्याच नकाशावर आमचे साहेब त्या महिन्यात वारा कुठून कुठे वाहिला, हवेचा दाब कुठे चढला नि कुठे उतरला, याच्या लांबच लांब रेघा काढतात. रेघा आणि ठिपके जुळले की साहेब खूष. बंगालच्या उपसागरात उठलेलं वादळ काही दिवसांनी नगर-सोलापूरच्या कोरड्या रानात पाऊस टाकून जातं, ते तिथं एका कागदावर दिसतं. मला विचाराल तर याच्याइतकी सुंदर गोष्ट साऱ्या पुण्यात दुसरी नाही. बायकोला विचारू नका.

या नकाशातला एक ठिपका मात्र माझ्या डोळ्यांत खुपायचा. पारनेरच्या पुढे पठारावरचं एक गाव आहे. नाव सांगत नाही, कारण तिथलं यंत्र सांभाळणारे तात्या हे वाचतील आणि मला पत्र येईल. सप्टेंबरात आजूबाजूचे सगळे ठिपके हिरवे, तर हा तांबडा. ऑक्टोबरात सगळे तांबडे, तर हा हिरवागार. एखाद्या साली झालं तर म्हणावं ढग चुकला. जुन्या वह्या काढल्या, तर बऱ्याच सालांत हीच रड. आता हवेचा दाब काही एका गावाला वळसा घालून पुढे जात नाही. मी तांबड्या शाईनं वहीत शेरा मारला, "संशयास्पद. या ठाण्याच्या सर्व नोंदी रद्द कराव्यात." शेरा मारताना मला फार बरं वाटलं होतं, हेही कबूल करून टाकतो.

साहेबांनी शेरा वाचला आणि म्हणाले, "सर्व म्हणजे पस्तीस वर्षांच्या. स्वतः जाऊन बघा. खरंच घोटाळा असेल तर हे पत्र त्यांच्या हातात द्या आणि मापाचा काचेचा ग्लास परत घेऊन या. लढाई संपली तरी विलायतेहून ग्लास येत नाहीत, दुसऱ्या गावाला देता येईल." पत्र माझ्या पिशवीत पडलं, आणि ग्लाससाठी आतून कापूस लावलेली एक रिकामी लाकडी पेटी. वर जाता जाता गोदावरीकाठचं एक यंत्रही बघून या, असं लचांड मागे लागलं.

गोदाकाठ

आगगाडीचं वर्णन करत नाही. ढेकूण सगळ्यांना माहीत आहेत.

पुणतांब्याला उतरलो तो पितृपंधरवडा चाललेला. नदी गढूळ पाण्यानं भरून वाहत होती आणि घाटावर उघड्या अंगानं तर्पण करणाऱ्यांची दाटी. तिथून बैलगाडीनं दोन-अडीच कोसांवरच्या एका मळ्यात गेलो. वाटेत दोन्ही अंगांना ऊस. मध्ये पाटाचं पाणी खळखळत होतं. पुण्याचा माणूस दुष्काळी नगर बघायला म्हणून येतो आणि त्याला इथं चिखलातून चपला हातात धरून चालावं लागतं.

मळेकरी भला गृहस्थ होता. मी विचारलं, "पावसाचं यंत्र कुठं आहे?"

"हाय की. उसात."

उसातच होतं. यंत्र बसवलं तेव्हा तिथं मोकळं रान असणार; आता चारी बाजूंनी पुरुषभर उंच ऊस आणि वर पानांचा मांडव. मी म्हटलं, "अहो, यात पाऊस पडतो तरी कसा?"

"पडत न्हाई फारसा."

"मग दर महिन्याला तक्ता कुठला पाठवता?"

"शेजारच्या गावचा आनतो न् उतरवून काडतो. जरा कमीजास्त करतो, येकसारखं दिसू नये म्हनून." त्यानं हे इतक्या सरळपणानं सांगितलं की मला रागावता येईना. "सायेब, आमाला पाट हाय. आबाळाकडं बगून मान कशाला दुकवून घ्यायची?"

मग त्यानं ज्वारीची भाकरी, भरीत आणि गूळ घातलेलं दूध असं जेवू घातलं. जेवताना मला एकच गोष्ट आठवत होती. याच्या ठाण्यापुढं माझ्याच हातानं मी दरसाल 'उत्तम' असं लिहीत आलो होतो. याचे ठिपके कधी चुकत नसत. चुकणार कसे? यंत्र आम्ही दोघांनी उपटून खळ्याच्या मोकळ्या जागेत बसवलं, आणि आता खरा पाऊस मोजीन अशी त्यानं उसाची शपथ घेतली. भाकरी मात्र उत्तम होती, ते मी आजही लिहून देईन.

भिकाजीची गाडी

नगरहून पारनेरला सर्व्हिस मोटारीनं गेलो. मोटार दोनदा बसली आणि दोन्ही वेळा आम्ही उतारूंनी तिला ढकललं. पुण्यात मोटारीत बसायचे पैसे घेतात, इथं ढकलायचेही घेतात, एवढाच फरक. त्या रात्री पारनेरला मुक्काम केला. पाऊस कौलांवर ताड ताड वाजत होता. सकाळी पुढच्या वाटेला भिकाजी नावाच्या शेतकऱ्याची गाडी मिळाली. तो त्याच गावचा, बाजाराला आलेला.

गोदाकाठ आणि हे पठार एकाच जिल्ह्यात आहेत यावर विश्वास बसत नाही. इथं झाडं मोजून घ्यावीत. माळावर पिवळा तरवड फुललेला, उतारावर बाजरीची कणसं, आणि मधे मधे नुसती नांगरून ठेवलेली काळी रानं. रात्रीच्या पावसानं ती ओली होऊन चमकत होती. एवढी चांगली जमीन मोकळी का ठेवली, असं मी विचारलं.

"शाळूला ठिवलीय," भिकाजी म्हणाला. "उत्तरा हायेत आता. आन् मागनं हत्ती पडाय पायजे, तवा पेरायचं. ह्यो रातचा पाऊस झ्याक झाला बगा. म्हनत्यात न्हवं, न पडती उत्तरा, तर भात मिळंना पितरा."

शाळू म्हणजे रब्बीची ज्वारी; उत्तरा हे पावसाचं नक्षत्र आणि हत्ती म्हणजे त्याच्या पाठचं हस्त. मी आमच्या शहाण्या आवाजात म्हटलं, "पण पावसाळ्याचा जोर तर आता संपत आला. पश्चिमेचा वारा पडला."

"मावळतीचा पाऊस आमचा न्हवंच की वो. मावळतीचं आबाळ वरनं निगून जातं, आमाला निस्ती सावली देतं. आमचा पाऊस उगवतीकडनं येतो."

हेच सांगायला आमचे साहेब महिन्याच्या नकाशावर शंभर रेघा काढतात आणि विलायतेला कागद पाठवतात. इथं एका माणसानं बैलाची शेपटी पिळता पिळता सांगून टाकलं.

"मग पेरायचं कधी, ते कसं ठरवता?"

"तात्या सांगत्यात की. डब्यात मोजून. उत्तरा येवढ्या झाल्या, हत्ती येवढा झाला. ओल पुरंल का न्हाई त्येवर कळतं. सारं गाव तात्याला इचारून पेरतं."

पत्र माझ्या पिशवीत होतं. रिकामी पेटी मांडीवर होती. भिकाजीनं विचारलं, "पेटीत काय हाय?" मी म्हटलं, "काही नाही." ते खरंच होतं, तरी खोटं बोलल्यासारखं वाटलं.

तांब्या

तात्या म्हणजे त्या गावचे जोशी. त्यांच्या वडिलांच्या वेळेपासून यंत्र त्यांच्या परड्यात आहे. मी पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं आणि ओसरीवर कुणी नव्हतं. "कुणी आहे का घरात?" अशी दोन-तीनदा हाक मारली. उत्तर नाही. तहानेनं जीव कासावीस झालेला. ओसरीच्या कोनाड्यात एक लखलखीत पितळी तांब्या होता, त्यावर भांडं पालथं घातलेलं.

आता आपल्याकडे ओसरीवरचा तांब्या-भांडं कुणासाठी असतं? आल्यागेल्यासाठी. त्याला कुणाची परवानगी लागत नाही. मी भांडं भरलं, प्यालो. पाणी इतकं गोड की दुसरं भरलं आणि तेही अर्धं प्यालो. मग उरलेलं माझ्या मळक्या पायांवर ओतणार, तोच परड्याकडून हातात भाजीची पाटी घेतलेल्या एक साठीच्या बाई आल्या. त्या तात्यांच्या पत्नी. मी त्यांना पुढे काकूच म्हणू लागलो.

"अहो पाहुणे, त्यातलं पाणी..." म्हणून त्या थबकल्या. "प्यालात?"

"हो. फार गोड पाणी आहे हो तुमच्या गावाचं."

"गावाचं नाही. पावसाचं आहे." त्यांनी पाटी खाली ठेवली. "आजचा पाऊस होता तो."

मला काही उमजेना. मग त्यांनी उंबऱ्यावर बसून सांगितलं. पितृपंधरवड्यात तात्यांना पहाटेच निघावं लागतं, चार गावांची श्राद्धं त्यांच्याकडे. मापाचा ग्लास कुलपात. पूर्वीचा एकदा फुटला तेव्हा नवा यायला वर्ष लागलं, तेव्हापासून त्याला तात्यांखेरीज कुणी हात लावायचा नाही. काकूंना अक्षरओळख नाही. म्हणून तात्या गावी नसले की काकू आठाच्या ठोक्याला यंत्रातलं पाणी तांब्यात काढून झाकून ठेवतात आणि तात्या आले की ते मोजून वहीत मांडतात. तात्या दोन-तीन दिवस परगावी असले तर कोनाड्यात ओळीनं तांबे असतात, सोमवारचा पाऊस, मंगळवारचा पाऊस.

"पस्तीस वर्षांत एक दिवस कोरा नाही हो," काकू म्हणाल्या. "मामंजी गेले त्या दिवशीसुद्धा यांनी आधी पाऊस मोजला आणि मग रडायला बसले. आता मी काय सांगू यांना?"

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मी खाली मान घालून सांगितलं की मी पुण्याच्या हवामान कचेरीतून आलो आहे, यंत्राची तपासणी करायला.

"अगबाई," काकू म्हणाल्या, "मग तुम्हाला तरी कळायला नको?"

दोन बोटं

तात्या तिसऱ्या प्रहरी आले. ठेंगणे, गोल, कपाळावर गंध, हातात केळीच्या पानात बांधलेले श्राद्धाचे वडे. काकूंनी सगळं सांगितलं. तात्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "किती प्यालात?"

"एक भांडं पुरं. दुसरं अर्धं."

"तहान बरीच होती म्हणायची रावसाहेबांना." मग काकूंकडे वळून, "मुळात किती होतं?"

"नक्षीच्या पट्टीच्या वर दोन बोटं," काकू म्हणाल्या. एवढं सांगून त्यांनी तर्जनी आणि मधलं बोट जोडून तांब्यावर टेकवलं.

तात्यांनी विहिरीचं पाणी आणून तिथवर भरलं, देवघरातली पेटी उघडली, ग्लास काढला आणि मोजायला बसले. आता माझा स्वभाव वाईट. चूक माझी असली तरी आकडा अंदाजानं मांडलेला मला बघवत नाही. मी म्हटलं, "तात्या, हे शास्त्राला धरून नाही. बोटांवर पाऊस मोजत नसतात."

"पोटात घालून मोजतात का?" तात्या म्हणाले.

मग तात्याच पुढे म्हणाले, "बरं, परीक्षा घ्या." तांब्या पुरा रिकामा केला. काकूंनी पाठ फिरवून पुन्हा भरला, दोन बोटं लावली, मी ग्लासानं मोजलं. पुन्हा रिकामा, पुन्हा भरला. तीनदा केलं आणि तीनदा पाणी ग्लासाच्या त्याच रेघेवर आलं. आमच्या कचेरीत तीन माणसांना एकच ग्लास वाचायला दिला तर तीन आकडे येतात आणि चौथा माणूस भांडण सोडवायला लागतो.

तांब्या विसळून काकूंनी पुन्हा कोनाड्यात ठेवला. या खेपेला मात्र त्याच्या शेजारी दुसरा एक ठेवला आणि मला म्हणाल्या, "हा पाहुण्यांचा."

मग वडे, आमसुलाची चटणी, आणि साखर रेशनमध्ये म्हणून गुळाचा चहा. पुण्याला वडा चार घासांत संपतो. इथला एक खाल्ला की माणूस भिंतीला टेकतो. तात्या दिवसभर जेवून आले होते तरी मला सोबत म्हणून आणखी दोन खाल्ले. पत्र पिशवीतच राहिलं. उद्या देऊ, असं मी स्वतःला सांगितलं.

तुमचा सप्टेंबर

दुसऱ्या दिवशी सकाळी परड्यात गेलो. यंत्र चोख. आजूबाजूला झाड नाही, भिंत नाही, तोंड अगदी सपाट, भोवती काकूंनी सारवलेलं. अशी जागा मी अख्ख्या जिल्ह्यात पाहिली नव्हती. मग आकडे का चुकावेत? मी तात्यांना म्हटलं, "या महिन्याची बेरीज कुठवर आली? संपायला अजून आठवडा आहे म्हणा."

"आठवडा कुठला? परवा संपतोय."

"सप्टेंबर?"

"हो. परवा उत्तरा संपल्या की तुमचा सप्टेंबर संपला. हस्त लागला की ऑक्टोबर."

मी जागच्या जागी उभा राहिलो. काकू म्हणतात माझं तोंड उघडं होतं.

तात्या मला मुलाला शिकवावं तसं समजावून सांगू लागले. त्यांच्या वडिलांकडे यंत्र आलं तेव्हा सोबत इंग्रजी महिन्यांचे कागद आले. वडिलांना इंग्रजी महिने ठाऊक नव्हते. तेव्हाचे कुणी अंमलदार घोड्यावरूनच म्हणाले होते, "भटजी, दोन नक्षत्रं म्हणजे एक महिना धरा." झालं. मृग-आर्द्रा म्हणजे जून. पुनर्वसू-पुष्य म्हणजे जुलै. आश्लेषा-मघा ऑगस्ट, पूर्वा-उत्तरा सप्टेंबर, हस्त-चित्रा ऑक्टोबर. बापानं तसं केलं, मुलानं तसंच केलं. सप्टेंबरचे शेवटचे दिवस, उगवतीकडचा पाऊस हमखास यायचा तो काळ, पस्तीस वर्षं ऑक्टोबरच्या खात्यात पडत होता.

मला इतका आनंद झाला की मी तात्यांचे दोन्ही हात धरले. घोटाळा नव्हता, लबाडी नव्हती. पाऊस खरा होता, नुसता शेजारच्या घरात राहायला गेला होता. आणि त्या आनंदाच्या भरात मी सगळं बोलून गेलो. नकाशा, तांबडा ठिपका, माझा शेरा, पत्र, आणि ती रिकामी पेटी कशासाठी आहे ते.

तात्यांनी हात सोडवून घेतले. "म्हणजे बाबांचं सगळं खोडणार होतात?"

"हो."

"पस्तीस वर्षं. आणि एकानं एक पैशाचं कार्ड टाकून विचारलं नाही, की जोशीबुवा, तुमचा महिना कधी लागतो?" त्यांनी यंत्राकडे हात केला. "चुकलं असेल आमचं. पण खोटं एक थेंब लिहिलं नाही हो. बाबा तापात असताना भर पावसात घोंगडी घेऊन जायचे."

माझ्या डोळ्यांपुढे उसातलं ते यंत्र आलं, आणि त्यापुढचं 'उत्तम'. मी म्हटलं, "तात्या, चूक माझी. विचारायला हवं होतं. पण अजून खोडलेलं नाही. कचेरीत नुसत्या महिन्याच्या बेरजा आहेत. रोजच्या नोंदी आहेत का तुमच्याकडे?"

आहेत का म्हणे! पेटीतून वह्या निघाल्या, वडिलांच्या आणि तात्यांच्या, रोजच्या रोज, पण तिथीवर. तिथी कळली तर तारीख काढता येते, आणि जोशाच्या घरी पंचांगाला काय तोटा? पस्तीस सालांची पंचांगं सुतळीनं बांधून माळ्यावर होती. मी आणि तात्या बसलो. ते पंचांगात बघून तिथीची इंग्रजी तारीख सांगायचे, मी महिना लावायचो. जून ते ऑक्टोबर एवढंच धरलं. बाकीच्या कोरड्या महिन्यांना कोण विचारतो? क्षय होऊन एखादी तिथी गळाली की मी वैतागायचो, वृद्धी होऊन एकच तिथी दोन दिवस आली की तात्या मला चिडवायचे, आणि अधिक महिन्याच्या साली आम्ही दोघेही चहा मागायचो. काकूंनी त्या संध्याकाळी हुलग्याची शेंगोळी केली. पुण्यात हुलगे घोड्याला घालतात असं मी म्हणालो, तर काकू म्हणाल्या, "म्हणूनच पुण्याची घोडी बरी धावतात." मी तीनदा वाढून घेतली.

मधे मधे गावकरी यायचे. भिकाजी आला, ओसरीच्या पायरीवर टेकला. "काय तात्या, उत्तरा कितीक झाल्या?" तात्यांनी आकडा सांगितला. मी भिकाजीला विचारलं, "आणि तात्यांनी महिन्याचा पाऊस सांगितला तर?"

"म्हैना घिऊन काय करू? म्हैन्याला ओल आसती व्हय?"

त्यातही अर्थ होता. म्हणून असं ठरलं की कचेरीसाठी इंग्रजी महिना, गावासाठी नक्षत्र. वही एक, बेरजा दोन.

निघायच्या दिवशी सकाळी शेवटचं साल संपलं. आजूबाजूच्या गावांचे आकडे मी वहीत उतरवून नेले होते. ते शेजारी ठेवले आणि बोटानं एकेक साल खाली जात राहिलो. सप्टेंबर जुळत होता. एखाददुसरं साल सोडलं तर सगळे जुळत होते. तात्या माझ्या तोंडाकडे बघत होते. मी म्हटलं, "जुळलं." त्यांनी वडिलांची वही उचलून कपाळाला लावली आणि आत निघून गेले.

गाडी जुंपल्यावर मात्र बाहेर आले आणि माझ्या पेटीकडे बोट दाखवून म्हणाले, "रिकामी नेऊ नका." काकूंनी कापसात वडे ठेवले.

पुन्हा पुणे

साहेबांनी माझे नवे तक्ते चार दिवस ठेवून घेतले. पेटी उघडून विचारलं, "ग्लास कुठं आहे?" मी म्हटलं, "पाऊस जिथं पडतो तिथंच, साहेब." ते हसले नाहीत. म्हणाले, "मागचं तुम्ही स्वतः बसून जुळवलंय. तुम्ही जुळवलं म्हणून जुळलं असेल. त्यांचा सप्टेंबरचा तक्ता येऊ द्या, मग पस्तीस वर्षांचं ठरवू." बोलणं रास्त होतं, पण मला ते दिवस जेवण गेलं नाही. तात्या हस्त लागल्यावर हात आखडणार तर नाहीत, जुन्या सवयीनं उत्तरांपाशीच बेरीज मारणार तर नाहीत, हेच डोक्यात.

तक्ता आला. साहेबांनीच फोडला. महिना तीस तारखेला संपला होता. या खेपेला रोजचे आकडेही होते, ठळक, बेरीज बिनचूक, खाली बारीक अक्षरात उत्तरांची वेगळी. साहेबांचं बोट एका दिवसावर थांबलं आणि ते शेऱ्याच्या रकान्यातलं मोठ्यानं वाचू लागले.

"भाद्रपद वद्य द्वादशी. या दिवशीच्या पावसापैकी दीड भांडं तपासनीस साहेबांनी प्राशन केलं. आकडा कुटुंबानं दोन बोटांनी सांगितला. परीक्षा तीनदा झाली. आकडा खरा आहे."

सगळी कचेरी माना वर करून बघू लागली. साहेबांनी चष्मा काढला. "हे खरं?"

"खरं आहे, साहेब."

"स्वतः होऊन कळवलं त्यांनी. न कळवते तर कुणाला कळलं असतं?"

"कुणालाच नाही."

साहेबांनी कपाटातून जुनी वही काढून माझ्यापुढे ठेवली आणि तांबड्या शाईची दौत सरकवली. "तुम्हीच लिहिलंत. तुम्हीच खोडा."

मी खोडलं. 'संशयास्पद'वर एक रेघ, 'सर्व नोंदी'वर एक रेघ. ठाण्याच्या पहिल्या पानावर तात्यांच्या वडिलांचं नाव होतं, त्याच्यापुढे 'उत्तम' लिहायची गरज नव्हती. तात्यांना कार्ड टाकलं, "बाबांचं सगळं घेतलं आहे." मग हिरवी पेन्सिल टोकदार करून नकाशावर पारनेरच्या पुढे ठिपका दिला. आजूबाजूच्या हिरव्या ठिपक्यांत तो आता शोधावा लागतो. मी रोज जाता-येता शोधतो. त्यातलं दीड भांडं मी प्यालेलो आहे, आणि पाणी गोड होतं.